चादरीचं दुसरं टोक

मोठ्या डॉक्टरांचा त्या खोक्यावर भारी जीव होता. लाकडी, दोन्ही बाजूंना मुठी असलेलं, आत वजनं ठेवायला कप्पे असलेलं ते खोकं केंद्राच्या मधल्या खोलीत मानाच्या जागी असायचं, आणि जो कोणी तपासायला येईल त्याने ते उचलून दाखवायचं. ट्रकचा ड्रायव्हर आला, उचल खोकं. बालवाडीची बाई आली, उचल खोकं. मागच्या वर्षी एक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा आला होता. जन्मात त्याने चिमट्याहून जड हत्यार धरलं नसेल. डॉक्टरांनी त्यालाही खोक्यापुढे उभं केलं. म्हाताऱ्याने खोक्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "यात घड्याळ आहे का?"

तेव्हा केंद्रातल्या थेरपिस्टला इतकं हसू फुटलं होतं की तिला खोलीबाहेर जावं लागलं. हसू ओसरलं तशी ती बेचैन झाली, आणि ती बेचैनी काही गेली नाही. मुळात ती बाई स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हतीच. खुर्चीत बसली तर पाय हलवेल, उभी राहिली तर पेनाचं टोपण उघडझाप करेल. केंद्रातली मंडळी तिला मागून 'भिंगरी' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं.

केंद्राचं काम सांगायला सोपं होतं. आजारपणाने किंवा अपघाताने आता माझ्याच्याने काम होत नाही, असं म्हणणाऱ्या माणसांचे अर्ज पेन्शन कचेरीत जात. कचेरी त्यांना इथे धाडी. त्यांचं शरीर किती काम पेलतं ते इथे बघायचं आणि डॉक्टरांनी खाली सही ठोकायची. कोणाला कोणती चाचणी लावायची हे ठरवणं मात्र थेरपिस्टकडे होतं. सगळी मेख तिथेच होती. हाताने अधू असलेल्याला नुसतं चालायला लावलं तर तो धडधाकट ठरतो, आणि ज्याचे गुडघे गेले आहेत त्याची मूठ दाबून बघितली तर तो पहिलवान निघतो. चाचणी निवडली की निम्मा निकाल तिथेच लागतो, हे ती जाणून होती. म्हणूनच त्या सोमवारी ती डॉक्टरांशी भांडायला उठली.

"खोकं, मूठ, चालणं," डॉक्टर समोरची फाईल मिटत म्हणाले. "झालं. पुढचा."

"डॉक्टर, ही बाई इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते."

"मग?"

"मग खोक्याचा काय संबंध? खांद्याचा स्नायू फाटलाय, ऑपरेशन झालंय. आपण तिला घड्याच घालायला लावू. जे काम करते तेच करून दाखवू दे."

"आणि ताडून बघायचं कशाशी?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "खोक्याचे आकडे हजारो माणसांवर घेतलेत. घड्यांचे आकडे कुठायत? उद्या कचेरीने विचारलं, तर काय सांगू? माझ्या बायकोपेक्षा बऱ्या घालते म्हणून?"

डॉक्टर अगदीच चुकत नव्हते. पण भिंगरीच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढणं देवालाही जमलं नसतं. तिने इतका पिच्छा पुरवला की शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. "एक तुझी, बाकीच्या माझ्या," ते म्हणाले. "आणि तुझ्या चाचणीचं जे काही होईल ते तुझ्या गळ्यात."

ती हवेतच बाहेर आली. आता त्या चादरीवाल्या बाईला न्याय मिळणार, आणि तो आपण मिळवून देणार, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. वाटणं काही वाईट नव्हतं. फक्त माणूस स्वतःवर खूश असला की त्याला समोरचं थोडं कमी दिसतं, तसं तिचं झालं.

अर्जदार बाई आली ती एकटी नव्हती. बरोबर तिची थोरली जाऊ होती, आणि दोघींचं भांडण जिन्यापासूनच ऐकू येत होतं.

"तुला सांगत होते, डावीकडचं दार."

"अगं अक्का, डावीकडे संडास आहे!"

"मग त्याच्या पुढचं दार म्हणाले मी. ऐकायचं कधी शिकणार आहेस?"

धाकटी किरकोळ होती, हसऱ्या डोळ्यांची, आणि उजवा हात पोटाशी धरून चालायची. थोरली रुंद हाडांची, कपाळावर कायमची आठी, आणि तोंडाचा पट्टा असा की डॉक्टरसुद्धा दाराआडून डोकावून गेले. थेरपिस्टला हळूहळू उलगडलं ते असं: दोघी एका घरात सुना म्हणून आल्या, थोरलीने धाकटीला लाँड्रीत चिकटवलं, आणि तेव्हापासून इस्त्रीच्या एकाच मशीनवर, एकाच चादरीच्या दोन टोकांना दोघी उभ्या आहेत. घरी भांडायचं, कामावर भांडायचं आणि परत एकत्रच घरी जायचं.

"तिची रजा संपत आली," थोरलीने थेरपिस्टला दरडावल्यासारखं सांगितलं. "तुमचं केंद्र हो म्हणालं तर पेन्शन, नाही म्हणालं तर एक तारखेपासून मशीनवर. नाही गेली मशीनवर, तर नोकरीही गेली आणि पेन्शनही गेली. म्हणून नीट बघा काय ते."

"नीटच बघणार आहे," थेरपिस्ट म्हणाली.

मूठ झाली, चालणं झालं. खोकं धाकटीने कमरेपर्यंत आणलं आणि तिथे तिचा चेहरा पिळवटला. वरच्या फळीवर ते काही जाईना. डॉक्टरांनी नोंद केली आणि ते चहाला गेले. मग थेरपिस्टने मुद्दाम मागवलेला चादरींचा ढीग पुढे ओढला.

थोरली लगेच उठली. "चला, दुसरं टोक मी धरते."

"तुम्हाला नाही धरता येणार. नातेवाईक चालत नाहीत."

"असा नियम आहे?"

"आहे," थेरपिस्ट म्हणाली. नियम तिने त्याच क्षणी केला होता. ही बाई जावेला पेन्शन मिळावी म्हणून चादर हिसकेल, पाडेल, काहीतरी चलाखी करेल, अशी शंका तिला आली होती. चाचणी कशी स्वच्छ हवी.

"मग धरणार कोण?"

"मी धरते."

थोरलीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली.

घड्या सुरू झाल्या. कोपरे धरायचे, मागे सरायचं, झटका द्यायचा, दुमडायचं, पुन्हा दुमडायचं, पुढे येऊन टोकं जुळवायची. थेरपिस्टला वाटलं होतं त्याहून ते काम किचकट निघालं. तिचे कोपरे सुटत. मध्येच निरीक्षणं लिहायला ती थांबे. मनगटं भरून आली की ती झटके. धाकटी तेवढा वेळ आपली टोकं हातात घेऊन उभी राही आणि मजेत गप्पा मारी.

"सावकाश, मॅडम. पहिल्या पहिल्यांदा असंच होतं. मी पण आले तेव्हा अक्काने इतकं फाडून खाल्लं होतं मला!"

"अजून खाल्लंय कुठे," बाकावरून आवाज आला.

ढीग संपला. धाकटीने एकही चादर पाडली नव्हती. खांदा दुखतो का, तर दुखतो, पण हे जमतंय. थेरपिस्टने पुन्हा पुन्हा तपासलं, आणि निष्कर्ष एकच निघत होता. मूळ काम करण्यास सक्षम. तिने तो जागच्या जागी सांगितला, कारण आडून बोलणं तिला आवडत नसे.

"म्हणजे मी बरी आहे?" धाकटीने विचारलं. तिला आनंद झाला की धक्का बसला, ते तिच्या तोंडावरून कळेना.

"बरी कसली!" थोरली उसळली. "झोपेत कूस बदलता येत नाही हिला! त्याची घ्या ना चाचणी!"

डॉक्टरांना मात्र मजा वाटली. "माझं खोकं म्हणतंय, होणार नाही. तुझ्या चादरी म्हणतायत, होईल. आता खोटं कोण?"

"चादरी खऱ्या," थेरपिस्ट म्हणाली. स्वतःच्या शब्दावरून मागे फिरणं तिला कधी जमलंच नव्हतं. डॉक्टरांनी खांदे उडवले. अहवाल आठवड्याच्या शेवटी कचेरीत जायचा होता.

त्या संध्याकाळपासून तिला चैन पडेना. स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात. नवऱ्याने दोनदा विचारलं, काय हरवलंय. काही नाही, म्हणाली. कुठे चुकलंय ते कळत नव्हतं आणि चुकलंय एवढं नक्की कळत होतं. थोरलीचं ते 'झोपेत कूस बदलता येत नाही' कानातून जाईना. थापा मारणारी माणसं इतक्या तावात बोलत नाहीत, असं एक मन म्हणे. थापा मारणारी माणसंच तावात बोलतात, असं दुसरं म्हणे.

दुसऱ्या दिवशी वाळलेले कपडे आत आणताना मोठी चादर होती, म्हणून तिने नवऱ्याला हाक मारली. नवरा भूगोलाचा मास्तर. साऱ्या जगाचे नकाशे त्याला पाठ, पण चादरीचा कोणता कोपरा कोणत्या कोपऱ्याला भेटतो हे त्याला लग्नापासून उमगलेलं नव्हतं. त्याने एक कोपरा चुकीचा धरला, तो सोडला, दुसरा धरला, चादरीला पीळ पडला, तो उलगडत बसला. ती आपली टोकं धरून उभी होती. कोपरं बरगड्यांना टेकलेली, खांदे सैल, मजेत.

"मी विश्रांती घेतेय," ती एकदम म्हणाली.

"घे की मग," नवरा चादरीशी झुंजत म्हणाला. "कोणी नको म्हटलंय?"

"तसं नाही रे! तू गोंधळ घालतोयस तोवर माझे हात आराम करतायत! काल ती माझ्यासाठी थांबत होती!" तिने चादर टाकली. नवरा दुसरं टोक धरून तसाच उभा राहिला. "चाचणी तिची झालीच नाही. माझी झाली. मी नापास झाले, म्हणून ती पास झाली."

लाजेने तिचे कान तापले. इतका गाजावाजा करून, डॉक्टरांशी भांडून निवडलेली चाचणी, आणि तिने त्याच बाईचा गळा धरला होता ज्या बाईसाठी ती निवडली होती. बिचारं खोकं खरं बोलत होतं.

सकाळी केंद्रावर जायच्या आधी ती इस्पितळाच्या तळघरात पोचली. लाँड्री तिथे होती. आत शिरताच गरम, ओली, साबणाची हवा तोंडावर आली. इस्त्रीचं मशीन खोलीएवढं लांब होतं. पलीकडे दोन बाया ओल्या चादरी त्याच्या तोंडात देत, आतले तापलेले रोलर त्या गिळत, आणि अलीकडच्या टेबलावर कडक, वाफाळती चादर बाहेर येई. ती बाहेर आली की तिच्या मागे पुढची निघालेलीच असे. थोरली तिथे उभी होती. धाकटीच्या जागी दुसऱ्या मशीनवरची एक उंच बाई होती.

"तुम्ही इथे कशाला?" थोरलीने विचारलं.

"मला उभं राहू द्या तुमच्यासमोर. थोडा वेळ."

लाँड्रीच्या सुपरवायझरने होकाराची मान हलवली, उंच बाई बाजूला झाली, आणि थेरपिस्टने कोपरे धरले. पहिली चादर निघाली. दुसरी निघाली. तिसरी घडी होते ना होते तोच चौथी टेबलावरून लोंबायला लागली होती. केंद्रातल्यासारखं हसून मनगट झटकायला इथे फुरसत नव्हती. मशीनला लाजलज्जा नव्हती, ते कोणासाठी थांबत नव्हतं. हात खांद्यातून उपटून निघतील असं तिला वाटायला लागलं आणि तिच्या हातून एक कोपरा सुटला.

"धरा! धरा ना! डोळे कुठायत?" थोरली ओरडली. मग तिला आठवलं की ही मॅडम आहे, आणि तिने ओठ मिटले.

उंच बाई पुन्हा जागेवर आली. थेरपिस्ट भिंतीला टेकून धापा टाकत राहिली. "अक्का," तिने विचारलं, "खांदा दुखायला लागल्यावरही धाकटी तुम्हाला इथे पुरी पडायची?"

"म्हणजे काय! ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत उभी होती. एक चादर खाली पडली नाही आमच्या मशीनवर," थोरली ताठ मानेने म्हणाली, आणि मग आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येऊन घाईने पुढच्या चादरीकडे वळली.

आता थेरपिस्टच्या डोक्याचा पार भुगा झाला. काल वाटलं होतं, बाई काम करू शकत नाही. आज तिचीच जाऊ सांगतेय की ती फाटलेल्या खांद्याने याच मशीनवर उभी होती. मग खरं काय? तिने डॉक्टरांकडून अहवाल परत मागितला. डॉक्टर आधी संतापले, मग त्यांनी अहवाल काढून तिच्यापुढे ठेवला.

"तुझी चाचणी चुकली म्हणतेस?"

"हो, चुकली. माझ्यामुळे चुकली."

"आणि आता मशीनवर घ्यायची म्हणतेस. ती तिथेही टिकली तर?"

"तर टिकली," ती म्हणाली. "तर मी सक्षम असंच लिहीन."

"मी येतो," डॉक्टर म्हणाले. "मलाही बघायचंय."

डॉक्टर तळघरात आले ते रुमालाने मान पुसत आणि गळ्यात स्टॉपवॉच अडकवून. या वेळी थेरपिस्टने नियम बदलला होता. मशीन खरं, वेग खरा, आणि दुसऱ्या टोकाला तीच थोरली, जी रोज असते. धाकटी टोपीत केस कोंबून जागेवर उभी राहिली. तिचे ओठ कोरडे पडले होते. मशीन सुरू झालं.

आणि ती टिकली. चादर येत होती, दोघी उचलत होत्या, झटका, दुमड, दुमड, पुढे, टोकं जुळली, गाडीवर गेली, पुढची. थोरलीचं तोंड मशीनच्या वरताण चालू होतं. "नीट धर. अगं आळशे, बघतेस काय? हो मागे." धाकटी घामेजली होती, पण चादर अडत नव्हती.

"सुरेख," डॉक्टर म्हणाले. ते खवचटपणे म्हणाले नाहीत, हे थेरपिस्टला जास्त लागलं. "चल, वरती जाऊ. लिहून टाक."

तिचं अवसान गळालं. एक तारखेला ही बाई इथे उभी राहणार, आणि आपण तिला दोन-दोनदा तपासून इथे उभं केलेलं असणार. पाय निघेनात, म्हणून ती नुसती बघत राहिली. धाकटीकडे बघून बघून डोळे शिणले होते, म्हणून तिने दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

झटका थोरली देत होती. दोघींनी द्यायचा झटका ती एकटी देत होती, खालून, इतका जोरात की पलीकडचं टोक आपोआप वर जाई आणि धाकटीचं कोपर बरगडीपासून सुटतच नसे. टेबलावरून उचलताना थोरली आपली बाजू अशी सरकवी की धाकटीचे कोपरे तिच्या कमरेशी येऊन पडत. टोकं जुळवायला थोरली पूर्ण अंतर चालून येई, धाकटी जागेवर उभी. आणि छातीइतक्या उंच गाडीवर चादरी रचायचं काम एकदा तू, एकदा मी, असं आळीपाळीने असतं, हे सुपरवायझरने सांगितलं होतं. इथे दर वेळी पाळी थोरलीचीच होती. वर शिव्याही तीच घालत होती.

"थांबवा," थेरपिस्ट म्हणाली. "डॉक्टर, अजून एकदा. अक्कांच्या जागी त्या उंच बाईंना उभं करून."

"का?" थोरलीने हात कमरेवर ठेवले. "केंद्रात म्हणालात नातेवाईक नको. इथे म्हणालात नातेवाईक पाहिजे. आता पुन्हा नको?"

"तुम्ही तिचं काम करताय."

"मी? मी काही करत नाही! तिलाच विचारा, बोलण्याशिवाय काही करते का मी!"

"खरंच," धाकटी म्हणाली. "बोलतेच फक्त."

ती हे मनापासून बोलत होती. थेरपिस्टला तिच्याकडे बघवेना. पेन्शन मिळायची तर ही बाई आता सगळ्यांसमोर पडायला हवी, आणि तिला पाडणारी चाचणी निवडायची होती आपण. डॉक्टर तिच्याकडे बघत होते. या खेपेला त्यांनी खोक्याचं नाव काढलं नाही.

"उंच बाई," थेरपिस्ट म्हणाली, "तुमचं अर्धं काम तुम्ही करा. कमी नको, जास्त नको."

उंच बाई वाईट नव्हती. तिने सांगितलं तसंच केलं. पहिल्या चादरीला धाकटीने दात आवळून हात वर नेला. दुसऱ्या चादरीला तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मग उजवा हात वर जाईना, डावा दोन्हीचं काम करायला गेला, कोपरा निसटला. गाडीवर रचायची पाळी तिची आली आणि चादर कमरेपर्यंत येऊन थांबली. टेबलावर मागच्या दोन साचल्या, तिसरी लोंबत लोंबत ओल्या फरशीवर पडली. धाकटी ती उचलायला वाकली तेवढ्यात चौथी तिच्या पाठीवर आली. ती तरी पुन्हा उभी राहिली आणि कोपरा शोधायला लागली.

थोरली भिंतीशी उभी होती, ओठ दाताखाली धरून. थेरपिस्टने तिचा दंड धरला होता. थोरलीने तो हिसकून सोडवला, चार पावलांत मशीन गाठलं आणि लाल बटणावर पंजा मारला.

रोलर कुरकुरत थांबले. तळघरात कधी नव्हे ती शांतता झाली.

"पुरे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं, पण त्यात बघितलं नाही. "मला कळलं. मी सही करतो. या बाईने या मशीनवर परत उभं राहायचं नाही."

धाकटीला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. ती फरशीवरच्या चादरीकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अक्का," ती म्हणाली, "गाडीवर तू रचायचीस. मला वाटायचं, तुला माझं रचलेलं आवडत नाही."

"आवडतच नाही," थोरली म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "वाकडं रचतेस."

भांडताना, धावताना थोरलीच्या टोपीतून केसांची बट सुटून डोळ्यावर आली होती. धाकटीने डोळे पुसले, पुढे झाली आणि डाव्या हाताने ती बट टोपीत सारली. थोरलीने त्यासाठी मान खाली केली. दोघींनी हे इतक्या सहज केलं की कोणाच्या लक्षातही आलं नसतं. थेरपिस्टच्या आलं.

"अक्का," ती म्हणाली, "तुमच्या हाताने घाला ना बट आत."

"तीच घालते. वेणीही तीच घालते सकाळी. मला वळण नाही हाताला."

"एकदा घालून दाखवा."

"दाखवायचं काय त्यात?"

थोरलीने उजवा हात उचलला. तो हनुवटीपर्यंत आला आणि तिथेच राहिला, अधांतरी. तिने डावा उचलला. तो कसाबसा गालापर्यंत पोचला. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ज्या अर्थी हललं नाही, त्या अर्थी हे तिला नवं नव्हतं. धाकटीने जमिनीकडे पाहिलं. डॉक्टर एक पाऊल पुढे आले.

थेरपिस्टला आता कळलं. एवढे दिवस ती चादरीच्या एकाच टोकाला तपासत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"माझ्याकडे काय बघताय सगळे?" थोरली करवादली. "अर्ज तिचा आहे. माझा नाही." तिने हात खाली घेतले, फरशीवरची चादर उचलून मळक्यांच्या पिंपात फेकली आणि हिरवं बटण दाबलं. "चल गं," ती उंच बाईला म्हणाली, "चादरी साचल्यात."

उंच बाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. रोलर फिरायला लागले. पहिली चादर बाहेर आली, थोरलीने दोन्ही कोपरे धरले आणि सवयीप्रमाणे दोघींचा झटका एकटीने दिला.